काट्याचा शब्द

समोर आलेला प्रत्येक व्हॉल्व्ह नापास व्हायला लागला, तर शंका कोणाची घ्यायची? आमच्या बेसमेंटमधल्या टेबलावर हिकॉक ६००ए हा रेडिओचे व्हॉल्व्ह (ट्यूब) तपासणारा जुना टेस्टर चालू करून ठेवला होता. आधी त्यात ६व्ही६ जातीचा व्हॉल्व्ह लावला. काटा जेमतेम उठला आणि ‘रिप्लेस’ लिहिलेल्या भागातच थांबला. दुसरा ६व्ही६ लावला, तेच. मग ६एसएन७ लावून त्याचे दोन्ही भाग तपासले, तेच. शेवटी खोक्यातला कोरा, कोणी कधी न वापरलेला व्हॉल्व्ह काढला, तर काट्याने त्यालाही तोच निकाल सुनावला. माझ्याकडचे सगळे व्हॉल्व्ह एकाच संध्याकाळी मान टाकतील, हे पटण्यासारखं नव्हतं. म्हणजे आजारी होता तो टेस्टरच. पण एवढं कळून भागत नाही. रेडिओ बिघडला तर टेस्टरच्या आधाराने दुरुस्त करता येतो. टेस्टरच बिघडला तर कोणाच्या शब्दावर विसंबायचं?

हा टेस्टर मी हॅमव्हेन्शनच्या बाजारातून आणला. हौशी रेडिओवाल्यांचा हा मेळा १९५२ साली ओहायोतल्या डेटनला सुरू झाला आणि २०१७ पासून जवळच्या झीनियात, ग्रीन काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर भरतो. मे महिन्यातला पाऊस तिथे ठरलेलाच. ओल्या गवतावर ताडपत्री टाकून लोक जुनी यंत्रं मांडून बसतात. ज्या आजोबांकडून मी हे घेतलं, त्यांनी विकताना काही लपवलं नाही. दिवा लागतो, पुढचं मी पाहिलेलं नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. हिकॉक कंपनी क्लीव्हलंडची, म्हणजे आम्ही राहतो त्या कोलंबसहून गाडीने दोन-अडीच तासांवरची. जिथे बनलं त्याच राज्यात अजून असलेलं एखादं यंत्र घरी आणावं, ही माझी जुनी इच्छा होती.

रेक्झिन चढवलेली पेटी. झाकण उघडलं की आत काळा पत्रा, आणि त्यावर निरनिराळ्या घरांची सॉकेटं: चार पिनांच्या जुन्या व्हॉल्व्हांपासून आठ पिनांच्या ऑक्टलपर्यंत आणि पुढे नऊ पिनांच्या काचेच्या बारक्या व्हॉल्व्हांपर्यंत. रेडिओच्या साऱ्या पिढ्या तिथे शेजारीशेजारी नांदतात. एका खिडकीखाली कागदाची लांब गुंडाळी आहे. बाजूचं चाक फिरवलं की तिच्यावरची व्हॉल्व्हांची नावं एकामागून एक सरकत येतात. प्रत्येक नावापुढे दोन अक्षरं, पाच आकडे आणि बायसचा अंक. अक्षरं हीटरची, आकडे ग्रिड, प्लेट, स्क्रीन, कॅथोड आणि सप्रेसर हे आतले भाग कोणत्या पिनेवर आहेत ते सांगणारे. त्याप्रमाणे सात खटके फिरवले की त्या व्हॉल्व्हपुरतं एक सर्किट तयार होतं. दुसरा व्हॉल्व्ह आला की पहिलं मोडतं आणि नवं जुळतं. मला या यंत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते, आणि सर्वांत नाजूकही. एवढे संपर्क, आणि प्रत्येकावर काही दशकांचा गंज.

व्हॉल्व्ह तपासायचे सरळसरळ दोन मार्ग. व्हॉल्व्हच्या आत कॅथोड तापतो, इलेक्ट्रॉन सोडतो, प्लेट ते ओढून घेते, आणि मधली ग्रिड किती जाऊ द्यायचे ते ठरवते. सोपा मार्ग म्हणजे कॅथोड अजून पुरेसे इलेक्ट्रॉन सोडतो का, एवढंच पाहायचं. १९५० आणि ६० च्या दशकांत अमेरिकेतल्या औषधांच्या दुकानांत याच जातीचे टेस्टर उभे असत. टीव्ही बंद पडला की घरातलं कोणीतरी मागचा पत्रा काढून सगळे व्हॉल्व्ह कागदी पिशवीत भरायचं, दुकानात जाऊन एकेक तपासायचं, आणि जो नापास होईल तो तिथल्याच कपाटातून विकत घ्यायचं. ती सोय मोठी होती. पण अशा टेस्टरला ग्रिड आपलं काम करते की नाही, हे दिसतच नाही. आणि व्हॉल्व्हची खरी करामत तर ग्रिडमध्येच आहे.

दुसऱ्या मार्गात ग्रिडलाच प्रश्न विचारतात. ग्रिडचा दाब एक व्होल्टने बदलला तर प्लेटचा प्रवाह किती बदलतो? हे मायक्रोम्होमध्ये मोजतात. ६एसएन७ च्या माहितीपत्रकात हा आकडा २,६०० आहे, ६व्ही६ च्या ४,१००. हे छोट्या पेटीत आणि स्वस्तात मोजायची युक्ती हिकॉकसाठी जॉब बार्नहार्ट यांनी काढली. प्लेटला वीज पुरवणाऱ्या रेक्टिफायरच्या दोन प्लेटा आळीपाळीने चालतात. ग्रिडला थोडा एसी दाब असा द्यायचा, की एका अर्ध्या फेरीत ती किंचित वर जाईल आणि दुसऱ्या अर्ध्या फेरीत किंचित खाली येईल. दोन्ही वेळच्या प्रवाहांतला फरक तेवढा मीटरमधून न्यायचा. ग्रिड निकामी असेल तर दोन्ही फेऱ्यांत प्रवाह सारखाच राहतो आणि काटा शून्यावर बसतो, मग कॅथोड कितीही ताजा असो. वर फिल्टरचे मोठे कंडेन्सर नाहीत, प्रवाह गुळगुळीत करायची धडपड नाही. फेऱ्यांचा तो खडबडीतपणाच मोजमापाला कामी लावला आहे. हे सर्किट पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो.

मी बार्शीचा. लहानपणी बार्शीत ज्या दुकानात रेडिओ दुरुस्त होताना पाहिला, तिथे टेस्टर नव्हताच. ठाण्याला बनलेले मर्फी यायचे, फिलिप्स यायचे. व्हॉल्व्ह कधी बाहेरचे, कधी बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे, कारण १९६१ पासून ते आपल्याकडेच बनू लागले होते. दुकानातले काका रेडिओ चालू करायचे, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर धातूच्या भागाला बोट लावून धरायचे आणि त्याचं टोक व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला हळूच टेकवायचे. स्पीकरमधून ‘घुंऽऽ’ असा आवाज आला, की तिथून पुढचा सगळा भाग ठणठणीत. मग एक पायरी मागे. जिथे घूं थांबेल तिथला व्हॉल्व्ह काढायचा आणि डब्यातला खात्रीचा लावून बघायचा. मी एकदा विचारलं, “काका, पण तो व्हॉल्व्ह किती चांगलाय ते कसं कळणार?” ते म्हणाले, “अरे, गातोय ना? मग झालं की.” त्या उत्तरात तथ्य आहे. व्हॉल्व्हची शेवटची परीक्षा त्याच्या स्वतःच्या सर्किटातच होते, आणि हिकॉकचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसणारा मीही हे मान्य करतो. पण काकांच्या पद्धतीला डब्यात एक खात्रीचा व्हॉल्व्ह लागतो. तो खात्रीचा कशावरून, हा प्रश्न तिथेही उरतोच.

दुरुस्ती मी सगळ्यात स्वस्त संशयापासून सुरू केली. आधी सॉकेटं आणि खटके. आतल्या चकत्या बेकेलाइटच्या, त्यांवर चांदीचा मुलामा दिलेले संपर्क, आणि दोहोंच्या मध्ये जुनं ग्रीस आणि धूळ यांचा तपकिरी थर. शॉर्ट दाखवणारा निऑनचा दिवा सॉकेट रिकामं असतानाही एका जागी मंद लुकलुकत होता, तो या थरातून झिरपणाऱ्या विजेमुळे. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून मी चकती पुसली आणि संपर्कांना क्लीनरचा एकेक थेंब देऊन खटके या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहिलो. दिवा विझला. मापं मात्र तशीच खाली राहिली. फ्यूजच्या जागी बसवलेला छोटा दिवाही शाबूत होता. ही त्या काळातली फार शहाणी सोय: प्रवाह थोडा वाढला तर हा दिवा उजळून इशारा देतो, आणि फारच वाढला तर स्वतः जळून आतला ट्रान्सफॉर्मर वाचवतो.

मग पाळी आली ८३ ची. प्लेटला वीज पुरवणारा हा रेक्टिफायर पाऱ्याच्या वाफेवर चालतो. चाचणीचं बटण दाबलं की त्याच्या पोटात निळसर उजेड थरथरतो. माझ्या यंत्रातला तसा थरथरत होता. हल्ली पुष्कळजण हा काढून त्याच्या जागी सिलिकॉनचे डायोड बसवतात. पारा नको, उष्णता नको, मिळायची अडचण नको, ही कारणं कळण्यासारखी आहेत. पण ८३ तिथे बसवण्यामागे विचार आहे. त्यातून थोडा प्रवाह जावो की पुष्कळ, तो आपल्यासाठी सुमारे १५ व्होल्ट ठेवून घेतो. जास्त नाही, कमीही नाही. म्हणून छोटा व्हॉल्व्ह तपासा की मोठा, प्लेटचा दाब जागचा हलत नाही. डायोड एखादा व्होल्टच घेतो. तो बसवला की प्लेटवर चौदा-एक व्होल्ट वाढतात आणि गुंडाळीवरचे सगळे अंक, जे ८३ गृहीत धरून काढलेले आहेत, एका फटक्यात खोटे पडतात. तेवढे व्होल्ट वेगळे खाऊन टाकायची व्यवस्था करून बनवलेले पर्यायही असतात, त्यांबद्दल माझी तक्रार नाही. नुसता डायोड घालून यंत्र ‘सुधारलं’ म्हणणं मात्र मला पटत नाही. सुट्या भागांचा गुण वाढला म्हणून सगळ्या यंत्राचा गुण वाढत नाही. टेस्टरमध्ये तर बहुतेक वेळा उलटंच होतं, कारण इथे प्रत्येक भागाचा दोष दुसऱ्या एखाद्या भागाने जमेस धरलेला असतो.

दाब मोजायला गेलो तेव्हा हेच पुन्हा समोर आलं. माझा डिजिटल मीटर महागाचा आणि अचूक. तो एक कोटी ओहमचा आहे, म्हणजे मोजताना सर्किटातून जवळजवळ काहीच घेत नाही. एरवी हा त्याचा मोठेपणा. पण हिकॉकच्या जुळवणीच्या सूचना लिहिल्या गेल्या तेव्हा टेबलावर व्होल्टला १,००० ओहमचा, काट्याचा मीटर असायचा. तो २५० व्होल्टच्या पट्टीवर लावला की सर्किटावर अडीच लाख ओहमचा भार पडतो, आणि सूचनांमधले आकडे तो भार धरूनच दिलेले आहेत. शिवाय पाऱ्याच्या वाफेला पेटायलाच थोडा प्रवाह लागतो. माझ्या मीटरने काहीच घेतलं नाही, म्हणून ८३ धड पेटेना आणि प्लेटच्या दाबाचा आकडा एका जागी ठरेना. मी मीटरच्या दोन टोकांमध्ये अडीच लाख ओहमचा रेझिस्टर लावला, म्हणजे नव्या मीटरवर जुन्याचं ओझं टाकलं. आकडा लगेच १५० च्या आसपास स्थिर झाला. प्लेट ठीक होती. स्क्रीनही ठीक निघाली. आता उरला बायस.

ग्रिडला कायमचा दिलेला ऋण दाब म्हणजे बायस. तो जेवढा जास्त ऋण, तेवढा व्हॉल्व्ह गळा आवळल्यासारखा चालतो आणि काटा खाली राहतो. गुंडाळीवर दिलेला अंक डायलवर लावला, तर पाहिजे त्यापेक्षा बराच जास्त ऋण दाब ग्रिडवर जात होता, भार लावून मोजलं तरी. दाब ठरवणाऱ्या साखळीत तपकिरी रंगाचा, हरभऱ्याच्या शेंगेएवढा कार्बनचा एक रेझिस्टर होता. डोळ्यांना त्यात काहीच खोट दिसत नव्हती. जळाल्याची खूण नाही, तडा नाही, रंगाच्या पट्ट्या स्वच्छ वाचता येणाऱ्या. त्याचा एक पाय सोडवला आणि मोजलं: पट्ट्यांवरच्या किमतीच्या सव्वापट. कार्बनची पूड आणि चिकट द्रव्य दाबून बनवलेले हे रेझिस्टर वर्षानुवर्षं दमट हवा शोषतात आणि त्यांची किंमत हळूहळू चढत जाते. वापरलं नाही तरी चढते. ओहायोतल्या कुठल्यातरी गॅरेजमध्ये हे यंत्र बंद पडून होतं, त्या सगळ्या उन्हाळ्यांत हा रेझिस्टर वाढतच होता.

इथे एक सोपा रस्ता दिसतो, आणि त्यावरून गेलेली पुष्कळ यंत्रं मी पाहिली आहेत. काटा कमी दाखवतो ना, मग मीटरला समांतर जोडलेला शंट थोडा बदलायचा आणि काटा वर ढकलायचा. खात्रीचा एक ६व्ही६ लावून तो बरोबर दिसेपर्यंत जुळवायचं, की झालं काम. पण असं यंत्र त्या एका ६व्ही६ पुरतंच खरं बोलतं. बायसमधल्या चुकीचा परिणाम प्रत्येक व्हॉल्व्हवर वेगळा होतो. दहा-बारा व्होल्ट बायसवर चालणारा पॉवर व्हॉल्व्ह ती चूक वेगळ्या तऱ्हेने सोसतो, आणि एक-दीड व्होल्टवर काम करणारा १२एएक्स७ वेगळ्या. शंट बदलून सगळे एकदम सुधारत नाहीत. एक सुधारतो आणि बाकीचे गुपचूप बिघडतात. पूर्वी सगळेच नापास व्हायचे, त्यामुळे निदान शंका तरी यायची. आता काही पास, काही नापास होणार आणि शंकेला जागाच राहणार नाही. त्यापेक्षा सगळ्यांना बाद ठरवणारं यंत्र परवडलं. म्हणून शंटला हात न लावता मी तो रेझिस्टरच बदलला. नवा धातूच्या थराचा घेतला, किंमत पट्ट्यांवर होती तीच. सोल्डर वितळलं, राळेचा वास सुटला, आणि बायस जागेवर आला.

६व्ही६ पास झाला, कोरा व्हॉल्व्ह पास झाला, एक जुना ६एसएन७ जेमतेम पास झाला. तरीही सुरुवातीचा प्रश्न तिथेच होता. काटा आता वर जातो हे खरं, पण बरोबर तेवढाच जातो का? आमच्या रेडिओ क्लबातल्या एका मित्राने त्याचा एक व्हॉल्व्ह आणून दिला. नीट जुळवलेल्या दुसऱ्या हिकॉकवर मोजून त्याने त्यावर आकडा लिहिला होता. माझा काटा त्या आकड्याच्या अगदी जवळ थांबला. आनंद झाला, पण तो आकडा कोणत्या यंत्राचा, आणि ते यंत्र कोणी जुळवलेलं? अशी साखळी कितीही मागे नेता येते.

साखळी तोडायची तर व्याख्येपाशी जावं लागतं, आणि त्यासाठी टेस्टरच लागत नाही. एक ६एसएन७ वेगळ्या सॉकेटात बसवला, हीटरला ६.३ व्होल्ट दिले, एका भागाच्या प्लेटला साध्या बेंच सप्लायवरून २५० व्होल्ट. ग्रिडवर उणे साडेआठ व्होल्ट ठेवून प्लेटचा प्रवाह टिपला, मग ग्रिड उणे साडेसातवर आणून पुन्हा टिपला. दोन्हींतला फरक २.४ मिलिअँपिअर, म्हणजे २,४०० मायक्रोम्हो. या आकड्यासाठी कोणत्याही कंपनीवर विश्वास ठेवावा लागत नाही. एक व्होल्ट म्हणजे किती आणि मिलिअँपिअर म्हणजे किती, एवढं मान्य केलं की पुरे. (२५० व्होल्ट उघड्यावर खेळवताना एक हात पाठीमागे ठेवायचा, हा नियम मी मोडत नाही.) असेच आणखी काही व्हॉल्व्ह मोजले, मुद्दाम थकलेले, मध्यम आणि ताजे असे निवडून. टेस्टरची प्लेट १५० व्होल्टच्या आसपास, तीही फेऱ्याफेऱ्यांची, त्यामुळे त्याचे आकडे माझ्या बेंचच्या आकड्यांशी जसेच्या तसे जुळणार नव्हते, आणि जुळलेही नाहीत. मी पाहत होतो तो क्रम, आणि एकमेकांतलं अंतर. बेंचवर जो पंधरा टक्के मागे तो टेस्टरवरही साधारण तेवढाच मागे आला. जो सगळ्यात थकलेला तो दोन्हीकडे शेवटी.

हे जुळलं तेव्हा माझ्या मते दुरुस्ती पुरी झाली. काटा म्हणतो ते अंतिम सत्य असतं, असं मी आता मानत नाही. एका व्हॉल्व्हची दुसऱ्याशी, आणि गुंडाळी छापणाऱ्या माणसांनी ठरवून दिलेल्या हद्दीशी तो तुलना करतो, आणि ती प्रामाणिकपणे करतो. जेमतेम पास झालेला तो ६एसएन७ सध्या माझ्या प्रिअँपमध्ये आहे. तिथे तो गातो. बार्शीच्या काकांनी तो काढला नसता, आणि मीही काढलेला नाही. एक दिवस थकेल; कधी, ते टेस्टर मला थोडं आधी सांगेल, आणि तेवढ्यासाठीच तो हवा.

आता एकच काम राहिलं आहे. हे यंत्र माझ्यानंतर कोणाकडे जाईल, कुठल्या चिखलात पुन्हा ताडपत्रीवर मांडलं जाईल, कोण जाणे. म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायला एक कागद लिहायला घेतला आहे. बायसच्या साखळीतला कोणता रेझिस्टर बदलला आणि त्याची जुनी किंमत मोजल्यावर किती भरली. शंटला हात लावलेला नाही. दाब कोणत्या मीटरने आणि किती भार लावून मोजले. मोजताना भिंतीतला दाब किती होता. पडताळ्यासाठी कोणते व्हॉल्व्ह वापरले आणि बेंचवर त्यांचे आकडे काय आले. आणि खाली, थोड्या मोठ्या अक्षरात: यातला ८३ चांगला आहे, तो काढून नुसते डायोड घालू नयेत.